पडद्यावरचं जहाज आणि पाण्यातलं जहाज

७ ऑगस्ट २०१०, शनिवार. मुंबईकरांना ती सकाळ आठवत असेल. जेएनपीटीतून बाहेर पडणारं 'एमएससी चित्रा' आणि आत येणारं 'खलिजिया-३' ही दोन जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. चित्रावर बाराशेच्या आसपास कंटेनर होते. जहाज कलंडलं आणि शेकडो कंटेनर पाण्यात गेले. शेकडो टन तेल सांडलं आणि अलिबागकडच्या किनाऱ्यापर्यंत काळा थर पोचला. दोन्ही बंदरं काही दिवस बंद ठेवावी लागली. मी तेव्हा शाळेत होतो. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच की बरेच दिवस घरी मासे आले नाहीत.

कुणाची किती चूक होती यात मी शिरत नाही. मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. टक्कर भर दिवसा झाली. एवढ्या मोठ्या जहाजांवर रडार असतंच. शिवाय २००४ संपेपर्यंत आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस सक्तीचं झालेलं होतं. (एआयएस म्हणजे दर काही सेकंदांनी 'मी अमुक जहाज, इथे आहे, या दिशेने, या वेगाने चाललोय' असं रेडिओवरून ओरडत राहणारी पेटी.) थोडक्यात, २०१० साली अशी दोन मोठी जहाजं समोरासमोर येतात तेव्हा माहितीचा दुष्काळ नसतो. मग ती आदळतात कशी?

त्यानंतर जगभर यावर जे उत्तर पुढे आलं ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल: इंटिग्रेशन करा! सुट्या सुट्या पेट्या नकोत, सगळं एका पडद्यावर आणा. जीपीएस, रडार, एआयएस, होकायंत्र, पाण्याची खोली मोजणारं यंत्र, ऑटोपायलट, आणि या सगळ्याच्या खाली इलेक्ट्रॉनिक नकाशा. या नकाशाच्या यंत्रणेला ईसीडीआयएस म्हणतात, खलाशी बोलताना सरळ 'एक्डिस' म्हणून मोकळे होतात. आयएमओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने, २००९ साली ही यंत्रणा सक्तीची करायचं ठरवलं आणि २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने मोठ्या जहाजांवर ती आली. जहाज आणि किनारा यांनाही एकत्र जोडणारी 'ई-नॅव्हिगेशन' नावाची मोठी योजना २००८ मध्ये मांडली गेली आणि तिचा अंमलबजावणीचा आराखडा २०१४ मध्ये मंजूर झाला. पुढची पायरीही ठरलेली आहे. एस-१०० नावाच्या नव्या प्रमाणावर चालणारं एक्डिस वापरायला १ जानेवारी २०२६ पासून मुभा आणि २०२९ पासून नव्याने बसणाऱ्या यंत्रणांना ते सक्तीचं. त्यात समुद्रतळाची बारीक मापं, भरती-ओहोटीप्रमाणे बदलणारी पाण्याची पातळी, प्रवाह, असे थर नकाशावर एकावर एक चढवता येणार आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. हे सगळं यायलाच हवं, आणि लवकर यायला हवं. पण ते ज्या पद्धतीने येतंय, म्हणजे पेटी विकत घ्या, बसवा, सर्टिफिकेट लावा, झालं सुरक्षित, ती पद्धत घातक आहे. आणि हे मी कागदी नकाशांच्या प्रेमापोटी म्हणत नाही. दिवसभर सिस्टिम एकमेकांना जोडणारा माणूस म्हणून म्हणतोय.

कागदाचा जमाना काही फार सोन्याचा नव्हता. माझा एक शाळूसोबती मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे. नकाशे अद्ययावत ठेवणं हे साधारणपणे सेकंड ऑफिसरचं काम. पूर्वी दर आठवड्याला 'नोटिसेस टू मरिनर्स' यायच्या: अमक्या ठिकाणी बोया हलवली, तमक्या ठिकाणी बुडालेलं जहाज सापडलं. मग एकेका नकाशावर जांभळ्या शाईने हाताने दुरुस्त्या करत बसायचं. जहाज जग फिरणारं असेल तर नकाशे शेकड्याने! जहाज कुठे आहे हे पेन्सिलीने मांडायचं, आणि मांडून होईपर्यंत जहाज पुढे गेलेलं. १९८९ साली अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' खडकावर चढलं आणि सगळा किनारा तेलाने माखला तो याच जमान्यात. तेव्हा 'जुनं ते सोनं' हे इथे चालणार नाही. आपण आत्ता कुठे आहोत हे नकाशावर क्षणोक्षणी दिसणं ही क्रांतीच आहे.

आता इंटिग्रेशनकडे वळू. सुट्या पेट्यांचा एक फायदा असतो जो कुणी किमतीच्या यादीत लिहीत नाही. त्या एकमेकींना ओळखत नाहीत. एक खोटं बोलली तरी दुसरी खरं बोलत असते, आणि मधला माणूस दोघींचं ऐकून 'काहीतरी गडबड आहे' म्हणू शकतो. त्या जोडल्या की पहिलीचं खोटं दुसरी आपलं म्हणून सांगायला लागते. वरून सगळ्यांचं एकमत दिसतं, पण साक्षीदार एकच असतो.

याचं सर्वात शिकवणारं उदाहरण तीस वर्षांपूर्वीचं आहे. ९ जून १९९५ ला 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. जहाजावर दीड हजार माणसं. निघाल्यावर तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. जीपीएसने काय केलं? बंद पडलं नाही. शेवटची माहीत असलेली जागा, होकायंत्राची दिशा आणि वेग यांवरून अंदाजाने पुढची जागा काढायला लागलं. याला 'डेड रेकनिंग' म्हणतात. हिशोब चांगला, पण वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला किती ढकलतायत हे त्याला कळत नाही. आपण अंदाजावर चाललोय हे त्याने सांगितलं का? सांगितलं! पडद्यावर बारीक अक्षरांत 'डीआर' अशी दोन अक्षरं आली आणि सेकंदभर एक पीप वाजला. पुढे जोडलेला ऑटोपायलट मात्र 'ही जागा खरी की अंदाजाची' हे तपासतच नव्हता. त्याच्या लेखी अक्षांश-रेखांशाचे आकडे येत होते, विषय संपला.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी इथे थोडं थांबून कपाळाला हात लावावा. डेटा आला, फॉरमॅट बरोबर, फक्त 'हा खरा नाही' असं सांगणारी खूण कुणी वाचलीच नाही. हा बग आपण सगळ्यांनी पाहिलाय. आपल्याकडे त्याने रिपोर्ट चुकतो. तिथे जहाज जवळपास चौतीस तास हळूहळू बाजूला सरकत राहिलं आणि १० जूनच्या रात्री नॅनटकेट बेटाजवळ वाळूत रुतलं. पडद्यावरचं जहाज आणि पाण्यातलं जहाज यांत तेव्हा १७ सागरी मैलांचं अंतर पडलेलं होतं!

यातलं सर्वात वाईट काय ते ऐका. त्याच ब्रिजवर (ब्रिज म्हणजे जहाज चालवायची खोली, पूल नव्हे :) ) लोरान-सी नावाची, जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून जागा सांगणारी दुसरी यंत्रणा चालू होती आणि ती बरोबर जागा दाखवत होती. ताडून पाहायचं कुणाला सुचलं नाही. खोलीच्या यंत्राचा अलार्म शून्य मीटरवर लावलेला, म्हणजे असून नसल्यासारखा. टेहळ्याला पाण्याचा बदललेला रंग दिसला होता. जी बोया दिसायला हवी होती ती दिसली नाही, आणि रडारवर भलताच ठिपका पाहून तीच बोया असं धरून चालले. पडदा म्हणतोय आपण मार्गावर आहोत, म्हणजे आहोत. सुदैवाने कुणी दगावलं नाही. आणि हो, अमेरिकेने ती लोरान-सी यंत्रणा २०१० मध्ये बंदच करून टाकली. जीपीएस आहे की!

आता तुम्ही म्हणाल, १९९५ ची गोष्ट जुनी झाली, तंत्रज्ञान किती पुढे गेलं. बरं, मग २०१३ घ्या. १८ सप्टेंबर २०१३, इंग्लंड आणि फ्रान्समधली डोव्हरची सामुद्रधुनी. जगातल्या सर्वात गजबजलेल्या आणि सर्वात बारकाईने मोजलेल्या पाण्यांपैकी एक. 'ओव्हिट' हे रसायनं वाहणारं टँकर जहाज त्या खेपेला खाद्यतेल घेऊन रॉटरडॅमहून इटलीला चाललं होतं. जहाजावर एक्डिस होतं आणि नेव्हिगेशनचं मुख्य साधन तेच होतं. नकाशावर व्हार्न बँक नावाचा उथळ वाळूचा पट्टा ठळक दिसत होता. आखलेला मार्ग सरळ त्या पट्ट्यावरून जात होता.

मार्ग आखला एका अननुभवी कनिष्ठ अधिकाऱ्याने. वरिष्ठांनी तो नीट तपासला नाही. 'याहून कमी पाणी असेल तर ओरड' असं यंत्राला सांगायची जी मर्यादा असते, तिला सेफ्टी कॉन्टूर म्हणतात, ती चुकीची लावलेली होती. त्यावर कडी म्हणजे अलार्मचा आवाजच चालू नव्हता. टेहळ्याला उथळ भाग दाखवणाऱ्या बोयांचे दिवे दिसले, पण त्याने सांगितलं नाही. जहाज रुतलं. आणि आपण रुतलोय हे पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला कळायला १९ मिनिटं लागली! ब्रिटनच्या अपघात चौकशी विभागाच्या अहवालात हे सगळं आहे. हॉरर स्टोरीसारखा वाचावा असा अहवाल आहे तो.

या सेफ्टी कॉन्टूरची आणखी एक मजा सांगतो, कारण आपल्या सॉफ्टवेअरच्या सवयी तिथे उघड्या पडतात. समजा तुम्ही १३ मीटर हा आकडा भरलात. पण नकाशात खोलीच्या रेषा ५, १०, २०, ३० अशाच आहेत. मग यंत्र आपलं आपण पुढची खोल रेषा घेतं, म्हणजे २०. तुम्ही काहीच भरलं नाहीत तर डीफॉल्ट ३०. तत्त्व बरोबर आहे, शंका आली तर सुरक्षित बाजूला झुकावं. पण उथळ समुद्रात, जिथे सगळीकडेच पाणी वीस-पंचवीस मीटर आहे, तिथे सगळा नकाशा 'धोका' म्हणून एकाच निळ्या रंगात रंगतो आणि अलार्म वाजतच राहतो. सतत वाजणाऱ्या अलार्मचं माणूस काय करतो?

हे मला चांगलंच ठाऊक आहे. एका प्रोजेक्टवर ऑन-कॉलची पाळी असताना रात्रीत चाळीस-चाळीस अलर्ट यायचे. अडतीस निरर्थक. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आमच्यातल्या प्रत्येकाने ई-मेलमध्ये नियम लावून ते एका फोल्डरात वळवलेले होते. लांडगा आला रे आला! यात कुणी आळशी नव्हतं की बेजबाबदार नव्हतं. जो अलार्म शंभरदा खोटा निघाला त्याकडे शंभर-एकाव्या वेळी धावत जायला माणूस बांधलेलाच नाही. ब्रिजवर तर रडारचा अलार्म, एआयएसचा अलार्म, एक्डिसचा अलार्म, इंजिनचा अलार्म, आणि 'तू जागा आहेस ना' हे तपासणाराही अलार्म! मित्र म्हणतो, रात्री दोनला पहिलं काम म्हणजे बटण दाबून आवाज बंद करणं, कशाचा होता ते नंतर.

तिसरं उदाहरण द्यायलाच हवं, कारण त्यात माणसं गेली. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरच्या सामुद्रधुनीत अमेरिकन नौदलाची 'जॉन एस. मॅक्केन' ही विनाशिका 'अल्निक एमसी' या टँकरसमोर गेली आणि दहा नौसैनिक मेले. या विनाशिकेवर टचस्क्रीनवाली एकात्मिक ब्रिज यंत्रणा होती. सुकाणू धरणाऱ्यावर ताण येतोय म्हणून कप्तानाने त्याचं काम दोघांत वाटायला सांगितलं: एकाने दिशा सांभाळायची, दुसऱ्याने वेग. ते करताना सुकाणूचा ताबाही नकळत शेजारच्या पडद्यावर गेला. पहिल्याला वाटलं, सुकाणू निकामी झालं. वेग कमी करायला सांगितला तर दोन इंजिनांपैकी एकाचाच कमी झाला, कारण ती दोन्ही पडद्यावर 'जोडलेली' नव्हती. जहाज डावीकडे वळलं, सरळ टँकरच्या वाटेत. सुकाणू पूर्ण वेळ ठणठणीत होतं! फक्त ते कुणाच्या हातात आहे हे कुणाला कळत नव्हतं. ब्रिजवरचे काहीजण दुसऱ्या युद्धनौकेवरून तात्पुरते आलेले, तिथली यंत्रणा वेगळी, आणि इथल्या यंत्रणेचं पुरेसं प्रशिक्षण नाही. २०१९ मध्ये अमेरिकन नौदलाने जाहीर केलं की अशा विनाशिकांवर वेगासाठी टचस्क्रीनऐवजी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवणार. ज्यांच्याकडे जगातला सर्वाधिक पैसा आहे त्यांनी!

तर या तिन्ही गोष्टींत यंत्रणा 'बिघडली' असं कुठेच म्हणता येत नाही. रॉयल मॅजेस्टीची केबल सोडली तर सगळं सांगितल्याबरहुकूम चाललं होतं. म्हणूनच 'मानवी चूक' असा शिक्का मारून फाइल बंद करणं मला पटत नाही. टेस्टिंगमध्ये शंभरापैकी नव्वद युजर एकाच बटणावर चुकायला लागले तर आपण युजर बदलत नाही, बटण बदलतो.

मग काय करायचं? माझ्या मते चार गोष्टी, आणि चारही जमण्यासारख्या आहेत.

पहिली: पडद्यावरच्या प्रत्येक आकड्याने आपली पत सांगायला हवी. कुठून आला, किती जुना, खरा की अंदाज. कोपऱ्यात दोन अक्षरं टाकून नव्हे. स्रोत गेला की जहाजाचं चित्रच बदललं पाहिजे, म्हणजे अर्धवट झोपेतल्या माणसालाही कळेल. आणि नकाशाचंही तेच. जुलै २०२० मध्ये मॉरिशसच्या प्रवाळांवर 'वाकाशिओ' चढलं आणि हजार टनांच्या आसपास तेल त्या नितळ पाण्यात गेलं. त्याचा कप्तान भारतीय होता. जहाज भाड्याने घेणाऱ्या कंपनीच्याच चौकशीत निघालं की किनाऱ्याच्या इतक्या जवळ जायला लागतो तेवढा तपशीलवार नकाशा जहाजावर नव्हताच. पडदा मात्र छान रंगीत दिसत असणार.

दुसरी: अलार्म कमी आणि नेमके. आयएमओने २०१० मध्येच ब्रिजवरच्या इशाऱ्यांच्या चार पायऱ्या ठरवल्या, आणीबाणीपासून नुसत्या 'जरा लक्ष असू दे' पर्यंत, आणि सगळे एका जागी एकत्र दिसावेत असं सुचवलं. कागदावर उत्तम. पण एकदा यंत्र बसल्यावर, खऱ्या प्रवासात, रोज किती अलार्म वाजले आणि त्यातले किती न बघता बंद केले गेले हे मोजायला हवं. आपण लॉग बघतो तसं. जिथे नव्वद टक्के न बघता बंद होतात तिथे दोष सेटिंगमध्ये आहे हे मान्य करून ती बदलायला हवीत.

तिसरी: सगळ्यांचा पडदा सारखा. खलाशी दर कॉन्ट्रॅक्टला जहाज बदलतो आणि जहाजागणिक एक्डिसची कंपनी वेगळी. एकात जे एका क्लिकवर तेच दुसऱ्यात चार मेनूंच्या आत. मित्र सांगतो, जहाजावर चढल्यावर चार्ज हातात मिळतो तो काही तासांत, जुना माणूस बॅग भरून उभा असतो. २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी एक्डिसचं प्रशिक्षण सक्तीचं केलं हे चांगलंच झालं, पण वर्गात शिकलेलं यंत्र आणि जहाजावर भेटलेलं यंत्र हे वेगळंच निघतं. २०१९ मध्ये आयएमओने पडद्यांच्या मांडणीत सारखेपणा आणायच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. मार्गदर्शकच, सक्ती नाही. कारचे ब्रेक कुठे असावेत यावर आपण 'मार्गदर्शक सूचना' काढत नाही.

चौथी, आणि मला विचाराल तर सर्वात महत्त्वाची: दुसरा साक्षीदार जिवंत ठेवा. जीपीएसशी काही संबंध नाही असा. रडारवर दिसणारा किनारा, खोलीचा आकडा, दीपगृहाची दिशा, आणि खिडकीबाहेर बघणारे डोळे. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम हेच सांगतो: डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असेल त्या प्रत्येक साधनाने टेहळणी ठेवा. डोळे-कान आधी आहेत! ही जुनाट सक्ती नाही हे आता रोज सिद्ध होतंय, कारण जीपीएसचा सिग्नल दाबणं किंवा खोटा पाठवणं हा युद्धाचा स्वस्त प्रकार झालाय. मे २०२५ मध्ये 'एमएससी अँटोनिया' हे कंटेनर जहाज जेद्दाहजवळ रुतलं तेव्हा जीपीएसमधल्या ढवळाढवळीचाच संशय व्यक्त झाला. तांबडा समुद्र आणि इराणचं आखात ही आपल्याकडच्या पोरांची रोजची वाट आहे. तिथे जहाज एकाएकी विमानतळावर उभं दिसायला लागलं तर निदान हसू येईल. पण ते खऱ्या जागेपासून दोनच मैल सरकलं तर?

यावर जहाजमालक म्हणणार, माणसं वाढवायला पैसा कुठून आणू? यंत्रणा घेतली ती माणसं कमी करण्यासाठीच ना? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि गोची तिथेच आहे. सुरक्षेच्या नावाने आलेली यंत्रणा ताळेबंदात पगार वाचवणारी म्हणून नोंदली जाते. मग रात्रीच्या पहाऱ्यावर एकटा थकलेला अधिकारी उरतो, त्याच्यासमोर सहा पडदे. ज्या गोष्टीने त्याचं ओझं हलकं व्हायचं होतं तिनेच त्याला दुसरं काम लावलं: यंत्रावर लक्ष ठेवायचं. आणि क्वचितच चुकणाऱ्या गोष्टीवर सतत लक्ष ठेवणं हे माणसाला सर्वात वाईट जमणारं काम आहे.

आता जरा घराजवळ येऊ. मोठ्या जहाजांचं ठीक आहे, त्यांच्याकडे पेट्या आहेत. आपल्या किनाऱ्यावर पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या हजारो होड्या रात्री समुद्रात असतात त्यांचं काय? लाकडाची किंवा फायबरची होडी रडारवर नीट उमटत नाही. एआयएस नसेल तर त्या चकाचक एकात्मिक पडद्यावर ती नाहीच. आणि पडद्यावरच विश्वासायची सवय लागलेल्या ब्रिजसाठी, जे पडद्यावर नाही ते समुद्रातही नाही. १३ एप्रिल २०२१ ला मंगळूरजवळ 'एपीएल ल हाव्र' हे कंटेनर जहाज आणि 'रबाह' ही मासेमारी बोट यांची टक्कर झाली. बोटीवर चौदा जण होते. दोघं वाचले.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच कार्यक्रमात देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोने बनवलेले ट्रान्सपॉन्डर बसवायच्या योजनेचाही शुभारंभ झाला. हा ट्रान्सपॉन्डर उपग्रहामार्फत किनाऱ्याशी बोलतो. वादळाची सूचना येते, संकटाचा संदेश पाठवता येतो. मनापासून स्वागत करावं अशी गोष्ट आहे. पण किनाऱ्याला होडी कळणं आणि शेजारून पंधरा नॉटने जाणाऱ्या जहाजाला होडी कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी साधायची तर होडीच्या डोलकाठीवर स्वस्तातला धातूचा रडार परावर्तक हवा, जमेल तिथे एआयएस हवं, किनाऱ्याकडचा डेटा जहाजांच्या पडद्यापर्यंत पोचवायची सोय हवी, आणि वाढवणला येणाऱ्या मोठ्या जहाजांची वाट ठरवताना त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या तांडेलांना विचारायला हवं. ते काही डेटाबेसमध्ये नाहीत, पण कुठल्या महिन्यात कुठे किती होड्या असतात हे त्यांना तोंडपाठ असतं. यातला सर्वात महाग भाग तंत्रज्ञानाचा आहे आणि सर्वात अवघड भाग विचारण्याचा.

म्हणून उद्या एखादा मंत्री किंवा बंदराचा अध्यक्ष 'अत्याधुनिक एकात्मिक नेव्हिगेशन यंत्रणा' म्हणून फीत कापेल, तेव्हा मी टाळ्या जरूर वाजवीन. पण मला आधी तीन आकडे हवेत. रात्रीच्या पाळीला पडद्यासमोर किती माणसं, त्यांना या नेमक्या यंत्रावर किती तासांचं प्रशिक्षण, आणि जीपीएस बंद करून सराव शेवटचा कधी केला. हे तीन आकडे तयार नसतील तर आपण सुरक्षा विकत घेतलेली नाही, पडदा विकत घेतलाय.

असो. शनिवारची दुपार संपत आली आणि लेख ठरवल्यापेक्षा लांबला. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, मुलगा, मित्र जहाजावर असेल तर पुढच्या फोनला त्याला एवढंच विचारा: तुझ्या ब्रिजवर दिवसाला किती अलार्म वाजतात, आणि त्यातले किती तू बघतोस? उत्तर बहुतेक हसत हसतच येईल. ते हसणं नीट ऐका.